सेहेचाळीस डिग्रीतलं ओव्हरक्लॉकिंग

हुडकेश्वरच्या त्या गल्लीत दीक्षा रामटेकेचा राग सगळ्यांच्या ओळखीचा होता. भाजीवाला तिच्या दारासमोर आला की आवाज जरा खाली घेई, कुरिअरवाला 'घर सापडत नाही' असं म्हणायची हिंमत करत नसे, आणि शेजारच्या यमुताई तर उघडच म्हणत, "पोट्टी गुणाची आहे, पण नाकावर माशी बसू देत नाही, बाप्पा!" आता राग यायला तिला कारणं काही थोडी नव्हती. कॉम्प्युटरची पदवी घेऊन तिनं साडीच्या दुकानात बिलं फाडली. तिथल्या शेठनं भर गिऱ्हाइकांत 'ए लडकी, इधर आ' अशी हाक मारली, तेव्हा बिलबुक त्याच्यासमोर आपटून ती सरळ घरी आली. म्हणाली, उपाशी राहीन, पण असल्या माणसाचं तोंड पाहणार नाही. उपाशी राहायची वेळ आली नाही, कारण तिला लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग येत होतं. घरातल्या मागच्या खोलीत तिनं टेबल लावलं आणि कामाला बसली.

मशीन तिनं स्वतः जोडली होती. सीताबर्डीला, म्हणजे नागपूरकरांच्या बर्डीवर, दुकानं धुंडाळून एकेक पार्ट आणला. प्रोसेसर जुना, मदरबोर्ड कोणीतरी वापरून विकलेला, बाहेरचा डबा तेवढा नवा. पण जोडली तिनं, चालवली तिनं, आणि तिच्यावर पोटही भरलं तिनंच. घरात तिला कोणी कॉम्प्युटर म्हणत नसे, मशीनच म्हणत. मशीनला हात लावायचा नाही हा घरातला कायदा होता. आई प्रेमिला अंगणवाडीत जायच्या आधी सगळं घर झाडून काढी, पण त्या टेबलाखाली झाडू घालत नसे.

वडील लहानू. हिंगण्याच्या एका कंपनीत फिटर होता, पण रिटायर व्हायच्या कितीतरी आधीच घरी बसला. का बसला, हा विषय घरात कोणी काढत नसे. आतेभावानं एकदा दीक्षाच्या कानात सांगितलं होतं की तुझ्या बापानं कंपनीची मशीन जाळली, म्हणून काढलं. तिनं ऐकलं, काही विचारलं नाही, आणि ते मनात तसंच पडून राहिलं. लहानू बोलणारा माणूस नव्हता. समोरच्या खोलीत बसायचं, पेपर वाचायचा, विहारात काही काम असलं तर जाऊन करून यायचं. उन्हाळ्यात मात्र त्याच्याकडे एक खातं असायचं, ते म्हणजे कूलर. एप्रिल लागला की गच्चीवरून तो उतरवायचा, गंज खरवडून रंग मारायचा, नवी खस भरायची, पंप साफ करायचा. मग खशीवरून पाणी झिरपायला लागलं आणि पंख्यानं पहिली ओली, थंड हवा खोलीत फेकली की लहानूच्या तोंडावर वर्षभरात दिसलं नाही असं समाधान दिसे. घरात कूलर एकच, तो समोरच्या खोलीत. मागच्या खोलीत दीक्षा, मशीन आणि छताचा गरगरता पंखा.

मे महिन्यात लग्नांची झुंबड होती. त्यात बर्डीवरच्या फोटोग्राफर गणपतराव बोंद्रेचा फोन आला. दीक्षाचं सगळं काम याच माणसाकडून यायचं, त्यामुळे त्याचा फोन ती पहिल्या रिंगला उचली.

"देख बेटा, रविवारी संध्याकाळी रिसेप्शन आहे. लॉनवर मोठा स्क्रीन लावून राहिले. नवरदेवाच्या बापाले लग्नाची फिल्म तिथंच पाहिजे."

"काका, तुम्ही फुटेज आत्ता दिलं. ते पण चार कॅमेऱ्याचं. माणसानं करावं कसं?"

"तो दुसरा एडिटर सुशील करतो न. त्याच्याकडे नवी मशीन आहे, चुटकीसरशी देतो. तुही मशीन म्हणजे बैलगाडी आहे, बेटा. वाईट मानू नको, पण यावेळी टाइमावर नाही झालं, तं सीझनचं बाकी काम मी त्याच्याकडेच देऊन टाकीन."

वाईट मानू नको! दीक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं या माणसाच्या हलत्या हातानं काढलेल्या, डुगडुगत्या शॉट्सना तिनं सरळ केलं. नवरीच्या मामाचं डोकं कापलेलं, हार घालताना कॅमेरा भलतीकडे, ते सगळं तिनं झाकलं आणि नाव त्याचं मोठं झालं. आता बैलगाडी! तिनं फोन गादीवर फेकला. पण फोन फेकून काम राहत नाही, हेही तिला समजत होतं. गणपतरावचं काम गेलं म्हणजे सगळंच गेलं, आणि मग पुन्हा कुठल्यातरी शेठसमोर 'जी सेठजी' करत उभं राहायचं. ते तिला मरणाहून वाईट वाटे.

नवी मशीन घेणं शक्य नव्हतं. मग तिनं इंटरनेटवर शोधलं, आणि तिथं तिला ते सापडलं. ओव्हरक्लॉकिंग. प्रोसेसरला कंपनीनं जो वेग ठरवून दिलेला असतो, त्याच्यापेक्षा जास्त वेगानं त्याला पळवायचं. पार्ट तोच, खर्च शून्य, फक्त मशीन सुरू होताना आत शिरून दोन-तीन आकडे बदलायचे. व्हिडिओतला एक गोरागोमटा पोरगा हसत हसत सांगत होता की यात घाबरण्यासारखं काहीच नाही, अगदी नवशिकेसुद्धा करू शकतात. तिचा प्रोसेसर त्या जातीचा होता, बोर्डही चालणारा होता. दीक्षानं ओढणी कमरेला बांधली.

मग तिनं मशीन बंद करून चालू केली, डिलीटचं बटण दाबत राहिली, आणि ती आतली स्क्रीन उघडली, जिथं एरवी कोणी जात नाही. आकड्यांची जत्राच होती तिथं. त्या पोरानं सांगितलेला वेगाचा आकडा शोधून तिनं एका घरानं वाढवला, सेव्ह केलं. मशीन उठली. काही झालं नाही! तिनं आणखी एका घरानं वाढवला. पुन्हा उठली. एक छोटी क्लिप चालवून पाहिली, तर खरंच लवकर निघाली.

"अरे वा रे माही राणी!" ती एवढ्या जोरात ओरडली की लहानू दारात येऊन उभा राहिला.

"काय करून राहिली वं?"

"स्पीड वाढवून राहिली मशीनची. आता पाहतो म्हणा त्या बोंद्रेले."

लहानू डब्याकडे वाकला. मग हळूच म्हणाला, "कंपनीनं जेवढी दिली तेवढीच राहू दे न, पोरी. मशीन बोलत नाही, पण तिले समजते."

"बाबा, तुम्हाले यातलं काय समजते? ही काय हिंगण्याची मशीन आहे का? जा न, पेपर वाचा."

तो गेला. दीक्षानं आकडा आणखी वाढवला, आणि इथं मशीननं मान टाकली. निळी स्क्रीन आली, आपोआप बंद झाली. दीक्षानं तिला शिव्या घातल्या, त्या गोऱ्या पोराला घातल्या, गणपतरावला तर कायमच्याच होत्या. मग पुढचा व्हिडिओ पाहिला. त्यात सांगितलं होतं की वेग वाढवला तर व्होल्टेजही, म्हणजे विजेचा दाब, थोडं वाढवावं लागतं. तिनं तेही थोडं वाढवलं. मशीन उभी राहिली, पळायलाही लागली. पण आता कोपऱ्यातला तापमानाचा आकडा असा चढायला लागला की तिला पाहवेना. व्हिडिओतला पोरगा सांगत होता, एवढ्याच्या वर जाऊ देऊ नका बरं. आता सांगायला काय जातं? त्या मेल्यानं स्वेटर घातला होता! एसीच्या खोलीत, अंगात स्वेटर घालून हा नागपूरच्या मे महिन्याला अक्कल शिकवून राहिला. बाहेर पारा सेहेचाळीसला, मागच्या खोलीची भिंत हात लावला तर चटका देते, पंखा फिरतो तो गरम हवाच ढवळतो, तिथं प्रोसेसर थंड राहणार कसा? दीक्षानं व्हिडिओ बंद केला आणि स्क्रीनवरच त्याला दोन शब्द सुनावले.

तिनं डब्याची एक बाजू स्क्रू काढून उघडली. आतला हिरवा बोर्ड, वायरींचा गुंता, फिरणारा छोटा पंखा, सगळं उघडं पडलं. समोर टेबलफॅन लावला. आकडा थोडा उतरला, पुन्हा चढला. तिनं वेग कमी करायला पाहिजे होता. कोणत्याही शहाण्या माणसानं केला असता. पण 'बैलगाडी' हा शब्द तिच्या डोक्यात असा रुतला होता की एक घर मागं यायला तिचा हात तयार होईना. तशाच उघड्या, तापलेल्या मशीनवर ती काम करत राहिली.

शनिवारी दुपारी ती जेवायला समोरच्या खोलीत आली. कूलर जोरात चालू होता, लहानू त्याच्यासमोर बनियनवर बसून वरणभात खात होता. त्या गार हवेत दीक्षाला बरं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच.

"मजा आहे एकेकाची!" ती म्हणाली. "सगळी हवा इथंच खाऊन राहिले. तिकडे माही मशीन गर्मीनं मरून राहिली, तिचं कोणाले काही आहे का?"

"अवं, जेव तं," प्रेमिला म्हणाली.

"काय जेवू? ती मशीन पोसते म्हणून जेवून राहिलो न आपण? तिले हवा नको? माणसानं बसल्या बसल्या हवा खावी आन् कामाची चीज मरू द्यावी!"

लहानूचा घास हातातच राहिला. प्रेमिलानं मुलीकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर गप्प झाली असती. दीक्षा ताट घेऊन मागच्या खोलीत गेली आणि मशीनसमोर बसून जेवली.

रविवार उजाडला. फिल्म जोडून झाली होती, रंग लावून झाले होते, आता फक्त सगळं मिळून एक फाइल काढायची होती. एडिटिंगवाले त्याला एक्स्पोर्ट म्हणतात, आणि मशीनचा खरा घाम तिथंच निघतो. दीक्षानं बारा वाजता एक्स्पोर्ट लावला. आकडा चढला, पण मशीन टिकून होती, हिरवी पट्टी सरकत होती. एवढ्यात तिच्या लक्षात आलं की एवढी मोठी फाइल तिच्या जुन्या पेनड्राइव्हमध्ये मावणार नाही. तिनं तोंडाला ओढणी गुंडाळली आणि स्कूटी काढली.

"आई, मी बर्डीवर जाऊन येतो. मशीन चालू आहे."

'हात लावू नका' हे तिनं म्हटलं नाही. ते म्हणायची गरजच कधी पडली नव्हती. आणि उघड्या डब्याला काय चालतं, काय चालत नाही, हे तर तिनं घरात कोणालाच सांगितलं नव्हतं.

बर्डीवर दुकानदारानं जीव खाल्ला. हा पेनड्राइव्ह दाखव, तो दाखव, बिल करतो, नेट गेलं, पैसे आले का पाहतो. दीक्षानं त्यालाही सुनावलं. तापलेल्या रस्त्यानं परत येताना मात्र तिचं मन हलकं व्हायला लागलं होतं. पट्टी संपत आली असेल, फाइल घ्यायची, लॉनवर न्यायची, बोंद्रेच्या हातात ठेवायची आणि विचारायचं, काय म्हणत होते काका, बैलगाडी? ती मनातल्या मनात तो संवाद दोन-तीनदा बोलून पाहत घरी पोचली.

समोरच्या खोलीत पाय टाकला तर खोली भट्टीसारखी तापलेली. कूलरची जागा रिकामी. फरशीवर चाकांच्या ओल्या रेघा, मागच्या खोलीकडे गेलेल्या.

मागच्या खोलीत कूलर होता. लहानूनं तो एकट्यानं ओढत नेला होता, स्टुलावर चढवला होता, आणि त्याचं तोंड बरोबर उघड्या डब्यावर धरलं होतं. टाकी काठोकाठ भरलेली, पंप सुरू, पंखा फुल. खशीतून सुटणारे पाण्याचे बारीक तुषार हवेबरोबर सरळ बोर्डावर जात होते. लहानू शेजारी उभा होता, घामानं निथळत, बनियन अंगाला चिकटलेलं.

"पाह्य बरं," तो हसून म्हणाला, "आता कशी थंडगार झाली तुही मशीन. मघाशी आवाज करत होती, आता एकदम शांत आहे."

शांत होती. स्क्रीन काळी होती. छोटा पंखा थांबला होता. बोर्डावर पाण्याचे थेंब होते आणि बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे डागही पडायला लागले होते. जळकट वास येत होता.

दीक्षानं धावत जाऊन कूलरची पिन उपटली, मशीनची उपटली. मग ती वळली, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"पाणी मारलं? चालू मशीनवर पाणी मारलं तुम्ही? डोकं आहे का काय आहे? कोणं सांगतलं होतं हात लावाले?"

"अवं, तूच काल बोलली, तिले हवा..."

"मी बोलली म्हणून पाणी मारसान? अरे, कंपनीनं काढलं तुम्हाले ते बरोबरच केलं! जिथं हात लावाल तिथं मशीन मारता! तिथलीही मारली, इथलीही मारली!"

लहानूचं हसू तोंडावर तसंच अडकून राहिलं. मग ते गेलं. त्यानं खाली वाकून कूलरची पिन उचलली, वायर नीट गुंडाळून ठेवली, आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला. दुपारचं ऊन ओट्यावर उभंच्या उभं पडत होतं. तो सावलीतही सरकला नाही.

दीक्षानं टेबलावर हात आपटले, रडली, बोर्ड फडक्यानं पुसला, केस वाळवायचं यंत्र आणून फिरवलं, पुन्हा पिन लावली. काही नाही. मशीन गेली होती. फुटेज आणि सगळं जोडकाम ज्या डिस्कवर होतं ती तेवढी खालच्या कप्प्यात कोरडी राहिली होती. ती काढून घेऊन ती फरशीवर बसली, तेव्हा प्रेमिला दारात उभी होती. दीक्षा निघाल्यावर ती विहारात गेली होती, आत्ता परतली होती. तिला बाहेरच यमुताईंनी सगळं सांगितलं होतं.

"काय बोलली तू त्याईले?"

"आई, तू मधात पडू नको. माहं सगळं काम..."

"तुहं काम गेलं चुलीत! काय बोलली ते सांग!" प्रेमिलाचा आवाज असा चढलेला दीक्षानं कधी ऐकला नव्हता. "कंपनीनं बरोबर केलं? तुले माहीत आहे का काय झालं होतं? माल लवकर पाहिजे होता. सुपरवायझर बोलला, मशीनची स्पीड वाढव. हे बोलले, साहेब, बेअरिंग जळन. तं तो चिडला. म्हणे, मले शिकवाले ठेवलं का तुले? वाढव म्हणजे वाढव. वाढवली. मशीन जाम झाली, धूर निघाला. वरचे साहेब आले, विचारलं, कोणं केलं? तं त्या भैताडानं सरळ याईच्याकडे बोट दाखवलं. सगळ्या लोकाईसमोर बोलला, याले मशीनमधलं काही समजत नाही, जिथं हात लावते तिथं वाटोळं करते. आन् मंग कागद पुढं केला. चूक माही म्हणून लिहून घेतलं, सही घेतली."

दीक्षानं हातातली डिस्क मांडीवर ठेवली. म्हणाली, "मले काहून नाही सांगतलं?"

"तू ऐकते कधी? तुह्यासंग बोलाचं म्हणजे माणसानं हेल्मेट घालून यावं!"

फोन वाजत होता. गणपतराव. दीक्षानं सांगितलं, मशीन बंद पडली. तिकडून जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी तो म्हणाला, डिस्क घेऊन ताबडतोब स्टुडिओत ये.

ती बाहेर आली तर लहानू शर्ट घालून स्कूटीशी उभा होता. "मी येतो," एवढंच म्हणाला. ती गाडीवर बसली, तो मागे बसला, आणि दोघं बर्डीवर आले.

गणपतराव स्टुडिओत फेऱ्या मारत होता. डिस्क त्यानं हातातून हिसकावूनच घेतली आणि आपल्या माणसाच्या हाती देऊन त्याला सुशीलकडे पळवलं. मग दीक्षाकडे वळला.

"पार्टी मले कच्चं खाऊन टाकील, समजते का? भरवशावर काम दिलं होतं! केलं काय त्या मशीनचं तू?"

दीक्षानं तोंड उघडलं, पण त्याआधी लहानू पुढं आला. हात जोडलेले, मान खाली.

"साहेब, चूक माही आहे. कूलर मी लावला मशीनवर. पोरीचा काही संबंध नाही, ती घरी नव्हती. पाहिजे तं मी तसं लिहून देतो."

गणपतराव थांबला. त्यानं म्हाताऱ्याला खालीवर पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "अरे काका... कूलर? मशीनवर?" तो हसलाच. "जाऊ द्या. म्हातारा माणूस, तुम्हाले काय समजते त्यातलं. बेटा, तुही चूक नसन तं गोष्ट वेगळी. मशीन दुरुस्त कर. पुढच्या कामाचं पाहू आपण."

दीक्षानं फक्त गप्प राहिलं तरी पुरे होतं. एवढंच. काम वाचलं होतं. पण तिचं लक्ष वडिलांच्या जोडलेल्या हातांवर होतं, आणि 'साहेब' या शब्दावर. घरात, विहारात, गल्लीत कोणालाच तो साहेब म्हणत नसे. तिला एवढा राग आला की गणपतरावचा आला, त्या सुपरवायझरचा आला की स्वतःचा, तिलाच समजलं नाही.

"हात खाली घ्या, बाबा!" ती ओरडली. "याले कायले साहेब म्हणता? आन् काका, तुम्हीही ऐका. मशीनची स्पीड मी वाढवली. कंपनीनं दिली त्याच्यावर. मीच तिले उघडी ठेवली, आन् तिले हवा द्या म्हणून मीच कालपासून घर डोक्यावर घेतलं. बाबाईनं माहं ऐकलं, बस. चूक माही आहे. आन् आणखी एक चूक तुमची. रात्रंदिवस वापरून घेता आन् बैलगाडी म्हणता!"

गणपतरावचा चेहरा लाल झाला. "बस! झालं तुहं काम माह्याकडचं. निघ!"

ती निघाली. जिना उतरून खाली आली तेव्हा तिला बरं वाटत होतं. वाटलं, आता बाबा पाठीवर हात ठेवतील. मागून लहानू उतरला आणि पहिल्यांदाच तिच्यावर उसळला.

"काम घालवलं न! तो माफ करून राहिला होता. माह्यावर राहू दिलं असतं तं काय बिघडत होतं? माहं जाऊन जाऊन आता काय जाणार होतं?"

"तुमच्यावर काहून ढकलू, बाबा? चूक तुमची नव्हती."

रस्त्यावरून ऑटो ओरडत जात होते, फुटपाथवर चष्मे विकणारे ओरडत होते. लहानू जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दुपारी बोलली ते खरं वाटते का तुले?"

"नाही."

"मंग बोलली काहून?"

खरं तेच दीक्षाच्या तोंडी आलं. "राग आला होता, बाबा."

"कंपनीतल्या त्या साहेबालेही रागच आला होता," लहानू म्हणाला.

तिनं गाडीची चावी काढली, मागची सीट हातानं पुसली. त्यानं गाडीकडे पाहिलं नाही. "मी बसनं येतो," म्हणाला आणि व्हरायटी चौकाकडे चालायला लागला. दीक्षानं मागून हाक मारली. तो थांबला नाही.